गुप्त प्रत

दि. ३ ऑगस्ट

ती. आत्यास,
भिंगरीचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे प्रत्येक पूर्णविरामाला कागद आरपार. त्या टाइपरायटरवर तू अक्षरं उमटवतेस की खिळे ठोकतेस, देव जाणे. बाबांचं तर ठरलेलंच आहे. तुझं पत्र आलं की आधी खिडकीकडे धरतात, भोकांतून येणारा उजेड बघतात आणि न वाचता घडी घालून माझ्या हातात देतात. काय बघता म्हणून विचारलं तर काही नाही म्हणतात. तू एकदा येऊन त्यांना चांगलं दटाव. पण तुझे ते प्रसिद्ध गुडघे! आमचे तीन मजले चढवत नाहीत म्हणून चार वर्षांत तुझं तोंड दिसलेलं नाही.

आता खरी बातमी. मी ऑफिसात माती खाल्ली आहे. आमची कंपनी लिफ्ट तपासून दाखले देते आणि मी अहवाल नीट करून पुढे पाठवते, एवढं तुला ठाऊक आहे. आमच्याकडे दोरवाले काका आहेत. तीस वर्षं लिफ्टचे दोर तपासतायत, डिसेंबरात निवृत्त होणार. त्यांनी साहेबांना ईमेल लिहिली, की अमुक इमारतीच्या लिफ्टचा दोर चिंधीने पुसला तर एका वितीत सात ठिकाणी चिंधी अडकली, म्हणजे तेवढ्या तारा तुटल्या आहेत, मी दाखल्यावर सही करणार नाही, लिफ्ट बंद करा. साहेबांचं नाव टू मध्ये. आणि बीसीसी मध्ये, म्हणजे साहेबांना दिसणार नाही असं, माझं नाव. उद्या गरज पडली तर एक साक्षीदार असावा म्हणून.

मी काय करावं? भिंगरी ती भिंगरीच. फोनवर बघितलं आणि रिप्लाय ऑल दाबून लिहिलं, की काका, जपून ठेवते, इस्त्रीने उद्या मला माहीतच नव्हतं म्हणून हात वर केले की कामी येईल. इस्त्री म्हणजे आमचे साहेब. त्यांच्या शर्टावर कधी सुरकुती नसते आणि मनावरही नसते, म्हणून पाठीमागे हे नाव. उत्तर काकांना गेलं आणि त्याच क्षणी इस्त्रींनाही गेलं.

आता काकांवर चौकशी बसणार. कंपनीचे कागद चोरून इतरांना पाठवतात, हा आरोप. मला इस्त्रींनी केबिनमध्ये बसवून फार गोड आवाजात सांगितलं, की काका मला अशा गुप्त प्रती नेहमी पाठवायचे असं सतरा तारखेपर्यंत लिहून दिलं तर माझी चूक ते विसरतील. मी म्हणते, मला हे टू, सीसी, बीसीसी काही कळतच नाही, बोट चुकून पडलं, असं लिहून सुटावं. ते अर्धं खरंही आहे. नोकरी लागून सात महिनेच झालेत गं. तू चौतीस वर्षं कचेरीत काढलीस, तूच सांग, हे नेमकं काय असतं आणि मी काय लिहू. ऑफिसच्या मेलवर मला आता शिंकायचीसुद्धा भीती वाटते, म्हणून कागदावर लिहिते आहे.

माया आहेच, ती या मूर्खपणालाही पुरावी एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी


दि. ६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यातला एक अकलेसाठी वेगळा काढलेला.

आधी शिकवणी, कारण तुमच्या पिढीला यंत्र आलं पण पत्र आलं नाही. आमच्याकडे कागदाच्या माथ्यावर ‘प्रति’ असायचं. ज्याने काम करायचं त्याचं नाव तिथे. तुमचं टू ते हेच. खाली ‘प्रत माहितीसाठी’ असायचं. या माणसाने करायचं काही नाही, फक्त पुढे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचं नाही. ते तुमचं सीसी. त्यासाठी कागदाखाली निळा कार्बन घालायचा, की एका ठोक्यात दोन प्रती. तुम्ही कार्बन फेकून दिला, नाव तेवढं ठेवलंत. तुमच्या ऑफिसात साठ माणसं सीसीत घालतात ना? मला माहीत आहे. काम कोणाचं ते ठरवायची हिंमत नसली की माणसं अशी यादी वाढवतात.

आता बीसीसी. तुम्हाला वाटतं ते कॉम्प्युटरने शोधलं. अगं, आम्ही ते हाताने करायचो. पत्र टाइप झालं की वरचा कागद मशीनमधून काढून घ्यायचा. खालची प्रत तशीच आत ठेवायची आणि तिच्यावर एक जास्तीची ओळ मारायची. ज्याच्या नावे पत्र, त्याला ती ओळ कधी दिसायचीच नाही. नीट पाहिलं तर मात्र कळतं, कारण सगळा मजकूर कार्बनचा निळा आणि ती एकच ओळ रिबिनीची काळी. तेव्हा गुप्त प्रतीचा नियम असा, की जिला ती मिळते तिने तोंड उघडायचं नाही. उघडलं की पाठवणाऱ्याचा गळा कापला जातो. तू तो कापलास, वर स्वाक्षरीही केलीस.

तुमच्या इस्त्रीसारखे साहेब मी सहा पाहिले. एकाच साच्यातले, फक्त टकलाचा आकार वेगळा. दोर तुटका आहे हे सांगणाऱ्याचा त्यांना राग येत नाही. ते लिहून सांगितलं, याचा येतो.

पण त्यांच्यावर मी शाई फुकट घालवत नाही. माझा राग तुझ्यावर आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुझी चूक आहे, तुझी भीती आहे, तुझी नोकरी आहे. दोर एकदा आला आणि गेला. ती लिफ्ट बंद केली का? कोण चढतं तिच्यात? पत्रभर चौकशी नाही. इस्त्री आणि तू, दोघांना कळलं की एक दोर तुटायला आलाय, आणि दोघंही कोणाचं नाव कोणत्या चौकटीत होतं याची चर्चा करताय. बोट चुकून पडलं म्हणे! म्हणजे म्हातारा बुडाला तरी चालेल, भिंगरी कोरडी राहिली पाहिजे.

नवं पत्र लिही. प्रति, ज्याची लिफ्ट आहे तो. प्रत माहितीसाठी, तुझा इस्त्री आणि काका. तिसरी चौकट रिकामी. खाली तुझं नाव, पूर्ण. एवढं जमत नसेल तर मला पुन्हा विचारू नकोस.

गुडघे तसेच आहेत. त्यांची चेष्टा करणाऱ्यांचे गुडघे मीही बघेन.

रागातही जिव्हाळा तसाच आहे, तुझा मात्र टिकून राहो.

तुझी आत्या


दि. १० ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार. बाकीची अक्षरं तुझी तूच घाल.

तू विचारलंस म्हणून मी विचारून आले. लिफ्ट चालू आहे. चौथ्या मजल्यावर गुडघ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. पेशंटना जिना चढता येत नाही, म्हणून लिफ्ट बंद ठेवता येत नाही, असं इस्त्री म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. दुसऱ्या कोणाकडून तरी सही घेऊन दाखला देऊ म्हणाले, आणि दोराचं काम पुढच्या तिमाहीत बघू.

दरम्यान ऑफिसने फार मोठी कारवाई केली आहे. ईमेलच्या शिष्टाचारावर शिबिर! बाहेरून एक प्रशिक्षक आला, कोटाच्या खिशात तीन रंगांची पेनं. आम्हा बावन्न जणांना दीड तास बसवून पडद्यावर तीन चौकटी दाखवल्या. टू हिरवी, सीसी पिवळी, बीसीसी लाल. मग आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, की रिप्लाय ऑल दाबण्यापूर्वी मी तीन श्वास घेईन. बावन्न माणसं एका सुरात श्वास घेत होती आणि मी मान खाली घालून चपलेचा पट्टा बघत होते. सगळे माझ्याकडे वळून हसत होते. दोराबद्दल त्या दीड तासात एक अक्षर निघालं नाही. काकांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. त्यांचा डबा अजून त्यांच्या टेबलावर आहे, आणि ती चिंधीही.

मी सही केलेली नाही. पण खोटं कशाला बोलू, पेन उघडलं होतं.

आणि आता तुला माझंही ऐकावं लागेल. लांब बसून मला भेकड म्हणणं सोपं आहे. तू चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप केलीस. त्यातल्या एकाखाली तरी तुझं नाव होतं का? सहा साहेब पाहिलेस म्हणतेस, त्यातल्या एकाला तरी नाही म्हणालीस? त्या काळ्या ओळी मारणारं बोट कोणाचं होतं? मला उपदेश करायच्या आधी एवढं सांग.

हे मी बाबांना बोलून दाखवलं. ते दुकानात कानशीने किल्ली घासत होते. म्हणाले, की गुप्त प्रतींचं तुझ्या आत्याला सगळं ठाऊक आहे, तिलाच विचार. आणि पुन्हा घासायला लागले. ती किल्ली त्यांनी इतकी घासली की फुकट गेली. त्यांच्या हातून असं होत नाही.

सतरा तारीख जवळ आली. मी रागावले आहे, पण तुझी माझ्यावरची मर्जी काढून घेऊ नकोस.

भिंगरी


दि. १२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, आणि पुढचं वाच.

हे पत्र हाताने लिहिते आहे. टाइप केलं की ते मला नेहमी दुसऱ्या कोणाचं तरी वाटतं. खाली कार्बन घातलाय. दुसरी प्रत वेगळ्या पाकिटातून तुझ्या मुलीला जाते आहे. दोन्ही पाकिटं एकाच दारात पडतील, पोस्टमन हसेल, हसू दे.

एकोणतीस वर्षांपूर्वी तू आणि मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होतो. तू भांडारात, मी साहेबांच्या खोलीबाहेर टाइपरायटरवर. आलेल्या नळांची जाडी कागदावर एक आहे आणि हातात दुसरी, अशी तू लेखी तक्रार केलीस. साहेबांनी तुला उत्तर दिलं, की आपली तक्रार सहानुभूतीने विचारात घेतली जात आहे. ते पत्र मी टाइप केलं. तू ते मला दाखवायला आला होतास, आठवतं? ताई, बघ, ऐकलं त्यांनी, असं म्हणाला होतास. मी बघितलं आणि छान झालं म्हणाले.

तुझ्या हातात होता तो वरचा कागद. खालची प्रत मुख्य कचेरीला गेली. वरचा कागद काढून घेतल्यावर तिच्यावर मी एक ओळ मारली, की हा इसम कुरापतखोर असून त्यास दूरच्या पंपघरावर हलवावे. साहेबांनी सांगितलं, मी मारली. माझी मुख्य टंकलेखिका म्हणून निवड व्हायची होती त्या महिन्यात. झाली. तुझी बदली झाली, तू राजीनामा दिलास, कुलपांच्या दुकानात बसलास. ते कसं झालं हे तुला कोणी सांगितलं नाही, आणि मी तर नाहीच नाही.

मी ओळ बनवली नव्हती, फक्त मारली होती, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. तो शुद्ध हलकटपणा आहे. त्या साहेबाला मी आयुष्यभर तुच्छ मानलं. पण त्याला निदान तुझ्यासमोर बसून चहा प्यावा लागत नव्हता. मी प्यायले. दर सुट्टीत प्यायले. चार वर्षांपूर्वी तेही जमेना, तेव्हा गुडघ्यांचं कारण काढलं. गुडघे दुखतात, पण तीन मजल्यांइतके नाही.

तुझ्या मुलीला मी तोऱ्यात लिहिलं, की म्हातारा बुडाला तरी तू कोरडी राहायला बघतेस. तिने उलट विचारलं, की त्या ओळी मारणारं बोट कोणाचं. विचारणारं कोणी घरातून निघायला एकोणतीस वर्षं लागली.

माफी मागत नाही. ती मागायला समोर यावं लागतं, एवढं मला कळतं. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव. पण उत्तर दे.

तुझा लोभ मागण्याचा हक्क मी केव्हाच घालवला, म्हणून इथेच थांबते.

तुझी ताई

प्रत माहितीसाठी: चि. भिंगरी


दि. २० ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि. या वेळी सगळी अक्षरं घातली आहेत.

दोन्ही पाकिटं एकदमच आली. बाबांनी सवयीने त्यांचा कागद खिडकीकडे धरला. एकही भोक नाही. मग त्यांनी चष्मा शोधला. टेबलाच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी, एकच पत्र वाचत होतो. वाचून झाल्यावर ते दुकानात गेले. सहा दिवस झाले, त्या विषयावर चकार शब्द काढलेला नाही. मला तुझा भयंकर राग आला. रडूही आलं. तू बाबांच्या समोर बसून चहा पीत होतीस आणि मी तुझ्या मांडीवर चढून बसत होते, हे डोळ्यांपुढून हलत नाही. इतकं नीच वागलेली बाई मला आवडते, याचाही राग आला.

त्याच दुपारी मी ऑफिसात जाऊन मेल लिहिली. टू मध्ये इमारतीचा मालक आणि चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर. सीसी मध्ये इस्त्री आणि काका. बीसीसी रिकामं ठेवलं, तीनदा तपासलं. चिंधी किती ठिकाणी अडकली ते काकांच्या शब्दांत लिहिलं. काकांनी ते मला साक्षीदार म्हणून पाठवलं होतं आणि ती एकच प्रत होती, हेही लिहिलं. खाली माझं नाव. श्वास एकसुद्धा घेतला नाही आणि पाठवून टाकलं.

डॉक्टरांनी वीस मिनिटांत लिफ्टसमोर खुर्ची आडवी टाकली. पेशंटना खुर्चीवर बसवून चार मजले उचलून आणलं. मालक आधी ओरडला, मग घाबरला, मग त्याने काकांना फोन करून घरून बोलावून घेतलं. दोर उतरवला तेव्हा तुटलेल्या तारा सात नव्हत्या, अकरा होत्या.

काका कामावर परतले. चौकशी कुठे गेली, कोणी विचारत नाही. मला मात्र नोटीस आली आहे, महिनाअखेर शेवटचा दिवस. शिस्तभंग. ती नोटीस इस्त्रींनी शिबिरातल्या नियमाप्रमाणे बावन्न जणांना सीसी करून पाठवली, सगळ्यांना धडा मिळावा म्हणून. काकांनी त्यावर रिप्लाय ऑल दाबलं. त्यांनी लिहिलं, की दोराचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आहे, ज्यांना शिस्त शिकायची असेल त्यांनी येऊन हात लावून जावं. दिवसभर रांग होती. एकच माणूस आला नाही. त्याच्या शर्टाला ग्रीस लागलं असतं.

नोकरी गेल्याचं वाईट वाटतंय, वाटत नाही असं म्हणणार नाही. सध्या दुकानात बसते. किल्ल्या मला जमत नाहीत. बाबा त्यावर बोलतात, फक्त तुझ्यावर बोलत नाहीत.

माझा राग उतरेल, तोवर पत्रं बंद करू नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. २२ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. तू कळवलंस ती बातमी शिळी आहे.

राजीनामा देण्याआधी मी मुख्य कचेरीत विचारायला गेलो होतो, की माझं काय चुकलं. तिथल्या कारकुनाला दया आली. त्याने फाईल माझ्याकडे फिरवली आणि पाणी प्यायला उठून गेला. मजकूर निळा, शेवटची ओळ काळी, आणि ओळीच्या शेवटी पूर्णविरामाच्या जागी भोक. त्या कचेरीत एवढ्या जोरात पूर्णविराम मारणारं एकच माणूस होतं. मी त्या भोकावर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो.

घरी आलो तर तू चहा ठेवला होतास. मी प्यायलो. म्हटलं, आज सांगेल. मग म्हटलं, उद्या. पुढे तू पत्रं पाठवू लागलीस, दर महिन्याला, दर ओळीला भोक. तुझ्या तब्येतीच्या बातम्या आणि इतरांची उणीदुणी. ती वाचण्यात मला काडीचा रस नव्हता. उजेडाकडे धरायचो, तीच मशीन, तेच बोट, अजून सांगितलेलं नाही, एवढं बघायचो आणि पोरीला द्यायचो. साहेबाला मी दोन वर्षांत विसरलो. तुझ्याबद्दल मात्र मनात फार हलकं मत ठेवलं, आणि ते तुला कळू दिलं नाही. तेवढ्यापुरता मीही तुझाच भाऊ.

या वेळी भोकं नव्हती म्हणून वाचावं लागलं.

माफीचं काय ते मला आत्ता माहीत नाही. समोर आल्याशिवाय कळणार नाही. रविवारी दुकान बंद असतं, मी घरी असतो. गुडघ्यांचं मला सांगू नकोस. तीन मजले आहेत, लिफ्ट नाही. चढून ये.

धाकटा

प्रत माहितीसाठी: भिंगरी